विस्तव झाकण्याची वेळ

इंग्रजीतील 'कर्फ्यू' हा शब्द आपल्याकडे दंगलींच्या बातम्यांसोबत आला आणि वृत्तपत्रांनी त्याला 'संचारबंदी' हा प्रतिशब्द देऊन टाकला. प्रतिशब्द चुकीचा नाही; मात्र मूळ शब्दातील चूल त्यात कुठेच उरलेली नाही. जुन्या फ्रेंचमध्ये 'कुव्र-फ' म्हणजे 'विस्तव झाका'. मध्ययुगीन युरोपातील नगरांत रात्री ठरावीक वेळी घंटा वाजे आणि त्या घंटेसरशी घरोघरची आग राखेखाली किंवा तांब्यापितळेच्या टोपीखाली झाकली जाई. त्या टोपीलाही हेच नाव होते. टॉमस ग्रेची १७५१ सालची 'एलेजी' याच घंटेने सुरू होते. आपल्या महाविद्यालयांत ती कविता पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली, तळटीपेत 'कर्फ्यू'चा अर्थही दिला गेला; पण दिवस मावळल्याची खूण यापलीकडे त्याचा फारसा विचार झाला नाही. त्याच कवितेत काही कडव्यांनंतर पेटती चूल आणि संध्याकाळच्या कामात गुंतलेली गृहिणी येते. ती चूल आणि ती घंटा यांचा संबंध कुणी लावून दाखवल्याचे आमच्या तरी वाचनात नाही.

थंड देशांत रात्री घर किती उबदार ठेवावे, हा वरवर पाहता काटकसरीचा नाहीतर यंत्रशास्त्राचा प्रश्न आहे. आम्हांला तो एका वेगळ्या बाजूने पाहावासा वाटतो. ऊब कमी करणारा हात कुणाचा, आणि पहाटे गारठ्यात उठून ती परत वाढवणारा हात कुणाचा?

कर्फ्यूची प्रथा इंग्लंडवर विल्यम विजेत्याने लादली, अशी एक जुनी समजूत आहे. परकीय राजाच्या जुलमाची खूण म्हणून ती इंग्रजी लेखनात बराच काळ वावरली. प्रत्यक्षात लाकडाच्या आणि गवताने शाकारलेल्या घरांच्या गावांना आगीचे भय होतेच, आणि अशा घंटा युरोपात इतरत्रही वाजत होत्या. पण घंटा 'विझवा' असे सांगत नव्हती, 'झाका' असे सांगत होती, हा भेद महत्त्वाचा आहे. काडेपेटी एकोणिसाव्या शतकातली. तोपर्यंत विझलेली आग नव्याने पेटवणे हे कष्टाचे काम होते. आपल्या जुन्या घरांतही रात्री चुलीतले निखारे राखेत पुरून ठेवत आणि सकाळी राख बाजूला सारून फुंकणीने ते फुलवत. रात्रीतून विझलेच तर शेजारून विस्तव मागून आणत. 'विस्तवही जात नाही' हा वैराचा वाक्प्रचार या देवघेवीतूनच आला असावा, असे मानायला जागा आहे. राखेखालचा निखारा हवा कमी मिळाल्याने हळू जळतो, इंधन वाचते, आणि सकाळपर्यंत जिवंत राहतो. रात्री तापमान उतरवण्याचे सारे तत्त्व एवढ्यात आले.

या कामाला स्कॉटलंडच्या गेलिक भाषिक प्रदेशात जवळजवळ पूजेचे रूप आले होते. अलेक्झांडर कारमायकल याने आयुष्यभर गोळा केलेल्या मौखिक वाङ्मयाचे 'कार्मिना गॅडेलिका' हे संकलन १९०० साली प्रसिद्ध होऊ लागले. त्यात रात्री पीटची आग झाकतानाच्या प्रार्थना आहेत आणि विधीचे वर्णनही आहे. घरातील स्त्री निखारे वर्तुळात पसरते, मध्ये लहानसा उंचवटा ठेवून त्यांचे तीन भाग करते, भागांच्या मध्ये पीटचे तुकडे लावते, आणि त्रिमूर्ती ईश्वराची नावे घेत साऱ्यावर राख पसरते. मग डोळे मिटून हलक्या आवाजात प्रार्थना म्हणते. लोकसाहित्याचे अभ्यासक या प्रार्थनांकडे ख्रिस्ती आणि ख्रिस्तपूर्व श्रद्धांच्या सरमिसळीचा नमुना म्हणून पाहतात. ते योग्यच आहे. आमचे लक्ष मात्र एका साध्या गोष्टीकडे जाते: घरातले सगळे निजल्यावर शेवटी निजणारी ती, आणि सगळ्यांच्या आधी उठून राख सारणारीही तीच. जात्यावरच्या ओव्यांप्रमाणे इथेही रोजच्या कष्टाने स्वतःचे गाणे निर्माण केले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील शहरी घरांत आग दिवाणखान्यातून तळघरात गेली. कोळशाची भट्टी आली, तिच्यातून गरम हवा, वाफ किंवा पाणी खोल्याखोल्यांत खेळू लागले. ऊब सगळ्या घराची झाली, पण आग कुणाला दिसेनाशी झाली. तरी रात्रीचे काम संपले नव्हते. झोपण्यापूर्वी कुणीतरी तळघरात उतरायचे, निखाऱ्यांवर राख किंवा कोळशाचा थर द्यायचा, हवेची झडप लोटायची. आणि पहाटे पुन्हा उतरून जाळी हलवायची, राख पाडायची, झडप उघडायची. मधल्या काळात घर गार होत जाई, खिडक्यांच्या काचांवर आतून बर्फ धरे. रॉबर्ट हेडन या कृष्णवर्णीय अमेरिकन कवीची 'दोज विंटर संडेज' (१९६२) ही छोटी कविता इंग्रजीच्या अध्यापकांना ठाऊक असेल. हेडन डेट्रॉइटच्या गरीब वस्तीत वाढला. आठवडाभर राबलेला बाप रविवारीही सर्वांआधी उठून घर ऊबदार करतो आणि मुलगा अंथरुणातून ते ऐकतो, एवढाच तिचा विषय. तिची चर्चा बहुधा बापलेकांच्या अबोल नात्यापाशी थांबते. आम्हांला वाटते, ती रात्रभर झाकून ठेवलेल्या आगीचीही कविता आहे. पहाटेचा तो गारठा म्हणजे रात्री वाचवलेल्या कोळशाची किंमत होती, आणि ती घरातला एकच माणूस चुकवत होता.

हा माणूस यंत्राने हटवला, आणि तो पहिल्यांदा हटवला तो एका शिक्षकाने, ही गोष्ट या पृष्ठाच्या वाचकांना आवडावी. विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. तिथला शिपाई दर तासाला वर्गावर्गांत शिरून तापमान पाहायचा आणि तळघरात जाऊन झडपा कमीजास्त करायचा. शिकवण्यात येणाऱ्या या व्यत्ययाला कंटाळून जॉन्सन यांनी वर्गातील तापमानाची वर्दी विजेच्या घंटेने तळघरात देणारे उपकरण बनवले. १८८३ साली त्याचे पेटंट मिळाले. इथे शिपाई अजून तळघरात आहे, फक्त त्याचा जिना वाचला. १८८५ साली मिनिआपोलिस येथे आल्बर्ट बुट्झ या मूळच्या स्विस गृहस्थांनी पुढचे पाऊल टाकले: खोली गार झाली की विजेच्या साहाय्याने भट्टीची झडप आपोआप उघडायची, तापली की मिटायची. 'थर्मोस्टॅट' हा शब्द त्याआधीच, १८३० साली, अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने पेटंटच्या निमित्ताने घडवला होता. त्याच्याही दोनशे वर्षे आधी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच कारागिराने कोंबडीची अंडी उबवण्यासाठी स्वतःच स्वतःची आच सांभाळणारी भट्टी केली होती. म्हणजे माणसांच्या आधी ही सोय अंड्यांना मिळाली. असो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात थर्मोस्टॅटला किल्लीचे घड्याळ जोडले गेले. रात्री अमुक वाजता उतार, पहाटे तमुक वाजता चढ. मध्ययुगीन घंटेचे आणि गेलिक गृहिणीचे काम आता भिंतीवरच्या एका डबीत मावले. यंत्राने आग राखली असे नाही. तळघरातला कोळसा पुढेही बरीच वर्षे माणसालाच घालावा लागत होता. यंत्राने घेतले ते पहाटे उठणे. घर तापल्यावर माणसाने जागे व्हावे, ही चैन पूर्वी फक्त नोकरचाकर असलेल्यांना माहीत होती.

पुढे तेल आणि नैसर्गिक वायू आले, इंधन स्वस्त झाले, आणि रात्री ऊब उतरवण्यामागचे कारणच विसरले गेले. १९५३ साली हनीवेल कंपनीने हेन्री ड्रायफस यांनी आरेखित केलेला गोल थर्मोस्टॅट बाजारात आणला. मधोमध आकडा, भोवती फिरणारी कडी. ती अमेरिकेतील असंख्य घरांच्या भिंतींवर बसली आणि बहुतेक वेळा एकाच आकड्यावर बसून राहिली. जिथे ती रात्री फिरवली जाई तिथे 'बाहेर बर्फ, आत घाम' नको एवढाच हेतू असे. १९६५ च्या कायद्यानंतर तिकडे गेलेल्या मराठी अभियंत्यांनी आणि डॉक्टरांनी अमेरिकन घर पाहिले ते नेमके या सुकाळाच्या शेवटच्या वर्षांत.

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेलउत्पादक देशांनी निर्यातबंदी जाहीर केली. ७ नोव्हेंबरला अध्यक्ष निक्सन यांनी दूरचित्रवाणीवरून नागरिकांना थर्मोस्टॅट निदान सहा अंश (अर्थातच फॅरनहाइट) खाली आणण्याची विनंती केली. दिवसाची राष्ट्रीय सरासरी ६८ अंशांवर, म्हणजे २० सेल्सियसवर यावी. आपले डॉक्टर सांगतात की ६६ ते ६८ अंशांत प्रकृती अधिक चांगली राहते, असा दिलासाही त्यांनी जोडला. शतकानुशतके घरातल्या बाईचे किंवा बापाचे असलेले काम आता राष्ट्राध्यक्षांच्या भाषणाचा विषय झाले.

खरे नाट्य १९७७ सालचे. जानेवारीत अमेरिकेच्या पूर्व भागात कडाक्याची थंडी पडली, नैसर्गिक वायूचा तुटवडा झाला, कारखाने आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या. जिमी कार्टर पदावर येऊन दोन आठवडे झाले होते. २ फेब्रुवारीला त्यांनी व्हाइट हाउसच्या ग्रंथालयातून देशाशी संवाद साधला. अंगात कोट नव्हता. लोकरीचे बटणांचे स्वेटर होते. बाजूला फायरप्लेसमध्ये लाकडे जळत होती. दिवसा ६५ अंश आणि रात्री ५५ अंश एवढेच तापमान ठेवा, वायूच्या तुटवड्याचा अर्धा भाग एवढ्याने भरून निघेल, असे त्यांनी सांगितले. ५५ फॅरनहाइट म्हणजे सुमारे १३ सेल्सियस. नाशिक-पुण्याच्या वाचकाला यात त्याग तो कसला, असे वाटेल. पौषातल्या रात्री आपण याहून थंड खोलीत गोधडी ओढून निजतोच. पण आपली ती थंडी दुपारपर्यंत विरते. शिकागोची नोव्हेंबरात येते ती मार्चपर्यंत मुक्काम करते.

त्या दृश्याचे वाचन एखाद्या संहितेसारखे करण्याजोगे आहे. शेकोटीशेजारी बसून देशाशी बोलण्याचा प्रघात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १९३३ मध्ये मंदीच्या काळात पाडला. तो संवाद रेडिओवरचा होता, आग श्रोत्यांनी कल्पनेत पाहायची होती. कार्टर यांनी ती प्रत्यक्ष दाखवली. गंमत अशी की भिंतीतली उघडी आग हे घर तापवण्याचे फार उधळे साधन आहे. ती खोलीतली गरम हवा धुराड्यातून वर ओढून नेते. बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपल्या नव्या शेगडीवरील १७४४ च्या पुस्तिकेत अमेरिकनांना हेच समजावले होते. तेव्हा काटकसरीचे आवाहन एका उधळ्या आगीपुढे बसून झाले. तरीही प्रतीक म्हणून ती आग चुकीची नव्हती. ती आजोबांच्या काळच्या घराची आठवण होती, जिथे रात्री गारठा सोसणे हे घर चालवण्याचाच भाग होते.

प्रतीक प्रेक्षकांनी मात्र निराळेच वाचले. त्याच वर्षी १८ एप्रिलला कार्टर यांनी ऊर्जाप्रश्नासाठी विल्यम जेम्स यांच्या एका निबंधाचे शीर्षक उसने घेतले: युद्धाला पर्याय ठरेल असा नैतिक संग्राम. इंग्रजीतील त्या शब्दांची आद्याक्षरे जोडून टीकाकारांनी त्याचे मांजराचे 'म्याव' केले. १९७९ मध्ये सार्वजनिक आणि व्यापारी इमारतींत हिवाळ्यात ६५ अंशांहून अधिक तापवण्यास कायद्याने मनाई झाली. फेब्रुवारी १९८१ मध्ये रेगन यांनी ती उठवली. स्वेटर हे दुबळेपणाचे चिन्ह बनले. रात्री तापमान उतरवण्याला इंग्रजीत 'सेटबॅक' म्हणतात आणि पीछेहाटीलाही तोच शब्द आहे. राजकारणात हे दोन अर्थ एकमेकांत मिसळून गेले.

या काळात एक प्रश्न घरोघर विचारला जात होता, आजही विचारला जातो: रात्री घर गार होऊ दिले तर सकाळी ते पुन्हा तापवायला वाचले त्याहून जास्त इंधन लागत नाही का? उत्तर न्यूटनच्या १७०१ सालच्या निबंधात जवळजवळ आहेच. वस्तू आपली उष्णता किती वेगाने गमावते हे तिच्या आणि भोवतालच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. बाहेर शून्य सेल्सियस असेल आणि आतले २० अंशांवरून १५ वर आणले, तर त्या अवस्थेत घर पूर्वीच्या तीन चतुर्थांश उष्णताच गमावते. सकाळी जी जास्तीची उष्णता लागते ती घर गार होताना न पुरवलेल्या उष्णतेएवढीच असते. मधल्या तासांत कमी झालेली गळती हा निव्वळ फायदा. आठ तास हे केले तर दिवसाच्या खर्चाचा जास्तीत जास्त बारावा हिस्सा वाचेल. घर एकदम गार होत नाही, म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी. बचत खरी आहे, पण माफक आहे, आणि चांगले बांधलेले घर जितके हळू गार होते तितकी ती आणखी घटते.

विलेट केम्प्टन या मानवशास्त्रज्ञाने १९८६ साली मिशिगनमधील कुटुंबांशी बोलून एक सुंदर निबंध लिहिला. थर्मोस्टॅटविषयी लोकांच्या मनात दोन सिद्धान्त असतात, असे त्याला आढळले. काहींच्या मते तो ठरलेले तापमान राखणारा पहारेकरी. काहींच्या मते तो गॅसच्या शेगडीच्या बटणासारखा, जास्त फिरवला की जास्त आच. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने पहिला बरोबर, दुसरा चूक. पण शेगडीवाला माणूस 'बटण कमी तर इंधन कमी' असे समजून रात्री ते निमूट खाली करतो. पहारेकऱ्याचा सिद्धान्त मानणारा मात्र 'सकाळी परत तापवावेच लागणार' या विचारात अडकू शकतो. चुकीच्या सिद्धान्तातून योग्य वर्तन निघते. साहित्याच्या अभ्यासकांना यात आश्चर्य वाटू नये. चुकीच्या वाचनातून चांगली कविता निघाल्याची उदाहरणे आपल्याकडे आहेतच.

यंत्र आणि वर्तन यांतली ही दरी पुढे अधिकच उघड झाली. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात न्यू जर्सीतील ट्विन रिव्हर्स येथे एकसारख्या बांधणीची घरे तपासली, तेव्हा एका घराचा इंधनखर्च दुसऱ्याच्या दुपटीहूनही अधिक निघू शकतो असे दिसले. फरक भिंतींत नव्हता, राहणाऱ्यांत होता. १९९५ पासून अमेरिकन सरकारच्या 'एनर्जी स्टार' योजनेने आठवड्याचे वेळापत्रक लावता येणाऱ्या थर्मोस्टॅटना मानचिन्ह दिले आणि २००९ च्या अखेरीस ते काढून घेतले, कारण बचत सिद्ध होईना. पुष्कळ लोकांनी वेळापत्रक कधी लावलेच नव्हते. 'आहे तेच ठेव' असे सांगणारे बटण दाबून ते मोकळे झाले होते.

आतापर्यंत आम्ही रात्रीचे तापमान हे 'याहून वर नको' अशा मर्यादेचे मानले. त्याची दुसरी बाजू भाड्याच्या घरात दिसते. तिथे बॉयलर मालकाच्या ताब्यात असतो, बचत मालकाची आणि गारठा भाडेकरूचा. न्यू यॉर्क शहराच्या कायद्यात हिवाळी मोसमात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत घर किमान किती उबदार असावे हे लिहिलेले आहे. २०१७ पर्यंत ते असे होते: बाहेर ४० अंशांखाली उतरल्यास आत निदान ५५. कार्टर यांनी घरमालकांकडे जो त्याग मागितला, तोच आकडा इथे भाडेकरूच्या हक्काची तळरेघ होता! २०१७ मध्ये तो बदलून, बाहेर काहीही असो, आत निदान ६२ असा केला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड प्रदेशांतील घरांसाठी १८ सेल्सियस, म्हणजे साधारण ६४ फॅरनहाइट, हे सुरक्षित किमान तापमान सुचवले. वृद्ध, लहान मुले आणि आजारी यांच्यासाठी याहून अधिक लागू शकते असेही म्हटले. गारठलेल्या भिंतीवर ओल धरते, बुरशी येते, रक्तदाब चढतो, दमा बळावतो. ब्रेंडा बोर्डमन यांच्या १९९१ च्या पुस्तकापासून ब्रिटनमध्ये 'इंधन-दारिद्र्य' ही संज्ञा रुळली ती याच अनुभवातून. ज्या घरात बटण आधीच खाली आहे, त्या घराला बटण खाली करा म्हणून सांगणाऱ्या भाषणाचा काय उपयोग, हा प्रश्न १९७७ मध्ये क्वचितच ऐकू आला.

युक्रेनवरील आक्रमणानंतर, २०२२ च्या हिवाळ्यात, युरोपने हाच प्रयोग पुन्हा केला. युरोपीय संघाच्या देशांनी वायूचा वापर स्वेच्छेने १५ टक्के कमी करण्याचे ठरवले. जर्मनीने सार्वजनिक इमारतींतील कामाच्या खोल्यांना १९ सेल्सियसची मर्यादा घातली. फ्रान्सचे अर्थमंत्री ब्रुनो ल मेअर यांनी यापुढे आपण टायऐवजी उंच गळ्याच्या स्वेटरमध्ये दिसू असे जाहीर केले आणि कार्टर यांच्या वाट्याला आली तशीच थट्टा ओढवून घेतली. ज्या भाषेने 'विस्तव झाका' हा शब्द घडवला तिच्याच देशातली ही गोष्ट. दरम्यान यंत्रही बदलत आहे. हीट पंपावर चालणाऱ्या चांगल्या बांधणीच्या घरांत रात्री फार उतार न देता मंद, सलग ऊब ठेवावी असा सल्ला आता अनेकदा मिळतो, कारण पहाटेच्या घाईत पंपाची कार्यक्षमता घसरते आणि जोडीला विजेची तापतार पेटली तर वाचलेले सारे जाते.

न्यू यॉर्कमध्ये हिवाळ्यात नगरपालिकेच्या तक्रार क्रमांकावर भाडेकरूंच्या तक्रारींत 'घर तापत नाही' ही तक्रार नेहमी आघाडीवर असते. निरीक्षक दिवसा येतो. गारठा रात्रीचा असतो. म्हणून भाडेकरू उशाशी तापमापक ठेवून दोन वाजता, चार वाजता उठून आकडा टिपून ठेवतात. २०२० च्या एका कायद्याने, जिथे अशा तक्रारी वारंवार येतात अशा निवडक इमारतींच्या मालकांवर घराघरांत तापमान नोंदणारी यंत्रे बसवण्याची सक्ती केली. जॉन्सन यांची घंटा वर्गातून तळघरातल्या शिपायाला वर्दी देत होती. हे यंत्र रात्रभर मालकावर नोंद धरते. ज्या इमारतींत ते बसलेले नाही, तिथे पहाटेचा आकडा टिपायला अजून माणूसच उठतो.